बोटांनी लागेल तेवढंच

आमच्या घरातला नळ उघडायला फडकं लागायचं. लालबागच्या चाळीतली आमची खोली, मोरीत एकच नळ, आणि तो बंद करण्याचा मान वर्षानुवर्षं बाबांकडे. पाणी भरून झालं की ते तो नळ असा आवळत की दुसऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. मग आतला वायसर फाटायचा, नळ ठिबकायला लागायचा, आणि ठिबकतो म्हणून बाबा तो आणखी आवळायचे. मी ओलं फडकं गुंडाळून, दातओठ खाऊन तो उघडायची आणि मनातल्या मनात त्यांना जे ऐकवायची ते लिहिण्यासारखं नाही.

बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण हात काही निवृत्त झाले नाहीत. पंख्याचा स्क्रू, कुकरचा दांडा, लोणच्याची बरणी, जे फिरतं ते आवळायचं. शेजारच्या काकूंनी बाबांच्या हातून एकदा मसाल्याचा डबा बंद करून घेतला आणि नंतर तो उघडायला त्यांच्या दोन्ही मुलांना बोलवावं लागलं. तेव्हापासून त्या बाबांना लांबूनच नमस्कार करतात.

मी परळला एका लहानशा प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. औषधाच्या गोळ्या बनवताना जी रसायनं वापरतात त्यांचा अंश गोळीत उरलाय का, आणि उरला असेल तर किती, हे बघायचं माझं काम. त्यासाठी माझ्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र आहे. आम्ही त्याला जीसी म्हणतो. माझा जीसी जुना आहे. नव्या यंत्रात सगळं आपोआप होतं, माझ्या यंत्रात नमुना मला स्वतःच्या हाताने, बारीक सुईच्या सिरिंजने टोचावा लागतो. पण मी त्याला नीट सांभाळलंय आणि त्याने मला, त्यामुळे त्याला कोणी जुना म्हटलं की माझं डोकं फिरतं.

सुई जिथे टोचायची तिथे एक रबराची चकती असते. सदऱ्याच्या बटणाएवढी. तिला सेप्टम म्हणतात. चकतीच्या खाली काचेची नळी, नळी भट्टीसारखी तापलेली, आणि तिच्यातून सतत गॅस वाहत असतो. सुई चकतीतून आत जाते, नमुना सोडते, बाहेर येते, आणि पडलेलं भोक रबराने आपणहून मिटवायचं असतं. गॅस बाहेर येता कामा नये. एवढीशी चकती, पण तिचं बिनसलं की संपलं. भोक मिटलं नाही तर गॅस गळतो आणि एकाच नमुन्याची दर वेळी वेगळी उत्तरं येतात. रबराचे तुकडे आत पडले तर ते उष्णतेने शिजतात आणि पडद्यावरच्या आलेखात अशी शिखरं उमटतात जी कोणी टोचलेलीच नसतात. आम्ही त्यांना भुतं म्हणतो.

ही चकती जपायची कशी हे मी नव्या मुलींना शिकवते तेव्हा त्या कंटाळतात, पण मी सोडत नाही. चकती चिमट्याने धरायची, बोटांचं तेल तिला लागू द्यायचं नाही. सुई सरळ आत न्यायची, तिरकी नाही, आणि घाई करायची नाही. सुईचं टोक कापसातून ओढून बघायचं. धागा अडकला तर टोकाला आकडा आलाय, तो प्रत्येक टोचणीला रबर कुरतडणार, म्हणजे ती सुई फेकायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चकतीवरचा नट. तो बोटांनी लागेल तेवढाच लावायचा आणि वर आणखी किंचित. आवळला की रबर दबतं, दबलेल्या रबरातून सुई गेली की ती भोक पाडत नाही, तुकडाच कापून काढते.

हे एवढं सविस्तर सांगितलं कारण त्या वर्षी माझं सगळं या नटावर येऊन अडकलं होतं.

मालकांनी तळोज्याला मोठी जागा घेतली होती. एकेक विभाग तिकडे जात होता. मी हट्टाने परळला राहिले होते आणि त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. आई गेल्यापासून दुपारचा स्वयंपाक बाबा करतात आणि मी चालत घरी जाऊन त्यांच्याबरोबर जेवते. हे प्रेमापोटी वगैरे आहेच, पण खरं कारण वेगळं. मी समोर बसले नाही तर तो माणूस जेवत नाही. बाबांना साखरेचा त्रास आहे. आई गेली त्या काळात मी काही दिवस दुपारी घरी जाऊ शकले नव्हते, तेव्हा ते गोळ्या घेत होते आणि न जेवताच ताट झाकून ठेवत होते. एकदा जिन्यात चक्कर येऊन पडले. तळोज्याला गेले असते तर मी सकाळी निघून दिवेलागणीनंतर परतले असते, आणि ताटं झाकलेलीच राहिली असती.

मालक वाईट माणूस नाही. ते म्हणाले, "मॅडम, दसऱ्यानंतर मान्यतेची तपासणी आहे. तपासणाऱ्यांसमोर तुमच्या मशीनने एकसारखे निकाल दिले तर ते इथेच राहील, तुम्ही पण इथे. नाही दिले तर मशीन भंगारात आणि तुम्ही तळोज्याच्या नव्या मशीनवर. डील?"

"डील," मी म्हणाले. मला कसली भीती?

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते आणि घरची माणसं बोलावतात. गिरण्यांमधली रीत, आमच्यासारख्यांनी आपल्याबरोबर आणली. त्या दिवशी कोणी काम करत नाही. सगळी यंत्रं बंद, थंड, पुसून लखलखीत. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. मी सकाळी लवकर जाऊन जीसी उघडला, आत स्वच्छ केलं, नवी कोरी चकती घातली, नट दोन बोटांनी लावला. तपासणीसाठी नवरदेव सजवून ठेवला म्हणा ना. हळदकुंकू मात्र मी यंत्राच्या बाजूच्या पत्र्यावरच लावू दिलं. वरच्या बाजूला कोणी बोट नेलं तर मी ओरडते हे ठाऊक असल्यामुळे कोणी नेलं नाही.

बाबा पांढरा शर्ट घालून आले. दरवर्षी येतात. त्यांच्यासाठी हा दिवस मोठा. यंत्राभोवती हात मागे बांधून फिरले, वाकून सगळीकडून न्याहाळलं, मान डोलावली. मग बाहेर पॅसेजमध्ये नारळ फोडायला सगळे गेले. बाबा म्हणाले, "तुमी जावा. मी हयच बसतंय जरा."

मला वाटलं, पाय दुखत असतील.

दसरा झाला. कामाच्या पहिल्या दिवशी मी यंत्र तापवलं आणि सवयीप्रमाणे आधी नुसताच शुद्ध द्रव टोचला. यात पडद्यावर रेष सरळ यायला हवी. रेष कुठली, सह्याद्री आला! एकामागून एक भुतं. मी पुन्हा टोचलं. आणखी भुतं. माहीत असलेला नमुना टोचला तर पहिल्यांदा एक उत्तर, दुसऱ्यांदा दुसरं, तिसऱ्यांदा तिसरंच.

मग मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरून होतं. मी सगळ्यांशी भांडले. गॅसच्या सिलिंडरवाल्याला फोन करून त्याच्या गॅसची लाज काढली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, माझ्या बाटलीला हात लावलास का? ती रडवेली झाली. नवा द्रव आणला, नवं सिलिंडर लावलं, यंत्र दिवसभर तापवून ठेवलं. काही फरक नाही. चकतीकडे मी बघितलंच नाही, कारण ती मी स्वतः घातली होती, नवीन होती, आणि त्या नटाला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही हे मला पक्कं माहीत होतं.

सर्व्हिस इंजिनियर आला. चांगला मुलगा, पण नव्या यंत्रांवर वाढलेला. आलेख बघून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? आता याचं वय झालं. टोचायचा हा पूर्ण भाग, म्हणजे इन्जेक्टरच बदलावा लागेल, आणि त्याचे पार्ट्स आता येत नाहीत." हे मालकांच्या कानावर गेलं. ते माझ्या टेबलाशी आले, यंत्रावरच्या सुकलेल्या माळेतलं एक झेंडूचं फूल खाली पडलं होतं ते उचलून ठेवलं आणि गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, भंगारातच जायचंय तर निदान सगळं उघडून बघू. यंत्र थंड होऊ दिलं. नटाला बोटं लावली. हलेना. पुन्हा लावली. छे! माझा नट, जो मी रोज चुटकीसरशी काढते, तो जागचा हलेना. मी टेबलावरचा नॅपकीन घेतला, त्याच्याभोवती गुंडाळला, दातओठ खाल्ले, आणि त्या क्षणी माझे हात थांबले.

ही पकड माझ्या ओळखीची होती. रोज सकाळी मोरीत हीच पकड माझ्याशी भांडते.

शेवटी पाना लावून नट काढला. आत माझी नवी चकती चेपून कडांना फुगली होती, मध्यभागी भोक नव्हतं, खड्डा होता. खालच्या काचेच्या नळीत रबराचे करपलेले कण पडले होते. थंड असताना आवळलेलं रबर, यंत्र तापल्यावर आणखी फुगलं, त्याला जायला जागा नाही, आणि वर मी सुया टोचून टोचून त्याचा भुगा करत होते. सुई कापसातून ओढली तर तिच्याही टोकाला आकडा आला होता.

मला इतका राग आला की मी फाटकी चकती कागदात गुंडाळली, एक कोरी चकती घेतली आणि जेवणाची वेळ व्हायच्या आतच घरी निघाले. लालबागच्या रस्त्यावर मोठ्याने बोलत चालणारी बाई कोणाला दिसली असेल तर ती मीच.

बाबा बांगड्याचं तिखलं करत होते. मला बघून चेहरा उजळला. "लवकर इलंस? भात अजून शिजूचो हा."

"बाबा, खंडेनवमीला माझ्या मशीनच्या नटाला हात लावलात का?"

"लावलंय मा," ते अभिमानाने म्हणाले. "ढिलो होतो. देवाच्या दिसाक ढिलो नट ठेवतत काय? गिरणीत पूजेच्या आदी आमी सगळे नट आवळून घेव. वर्साची सुरवात ती. तुका सांगूक इसारलंय."

मग मी सुटले. काय काय बोलले ते आठवतं, पण पुन्हा सांगायची इच्छा नाही. नळापासून मसाल्याच्या डब्यापर्यंत सगळं काढलं. तळोजा काढलं. "मला तिकडे पाठवताय तुम्ही, तुमच्या या हातांनी!" असंही म्हणाले. बाबा पळी हातात घेऊन उभे. ते कधी ऐकून घेणाऱ्यांपैकी नाहीत. त्यांचा राग माझ्याहून मोठा, मी तो त्यांच्याकडूनच घेतलाय. मी वाट बघत होते की आता पळी आपटतील.

त्यांनी गॅस बंद केला, पळी ठेवली आणि हात पुढे केला. मी दोन्ही चकत्या त्यांच्या तळहातावर टाकल्या. एक कोरी, एक फाटलेली. ते खिडकीशी गेले, उजेडात धरून बघत राहिले. कोरी चकती दोन बोटांत दाबली, सोडली, दाबली, सोडली. ती दर वेळी होती तशी झाली. मग फाटलेली दाबली. ती तशीच राहिली.

"ह्या रबराक श्वास घेवक जागा व्हयी," ते म्हणाले. चकत्या परत देत म्हणाले, "मगे कितको आवळूचो?"

माझ्या आयुष्यात बाबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. म्हणजे जेवलीस का, आलीस का हे सोडून. माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. मी त्यांना मोरीत नेलं. फडकं लावून नळ उघडला, त्याची मूठ त्यांच्या बोटांत दिली आणि त्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. "टेकला बघा. आता एवढंच. बस. सोडा."

"इतक्यान पाणी थांबता?"

"ठिबकतंय का?"

बाबांनी वाकून बघितलं. ठिबकत नव्हतं. ते सरळ झाले आणि नळाकडे असं बघत राहिले, जणू त्या नळाने त्यांना इतकी वर्षं फसवलं होतं. मग आम्ही जेवलो. तिखलं खारट झालं होतं आणि मी दोनदा घेतलं.

प्रयोगशाळेत परतले ती धावतच. काचेची नळी नवी घातली, आतली बाजू पुसून काढली, नवी सिरिंज काढली, सुई कापसातून ओढली, एकही धागा न अडकता सुळकन बाहेर आली. चकती चिमट्याने ठेवली. नट टेकवला आणि वर किंचित. यंत्र तापवलं. द्रव टोचला. मी पडद्यासमोर उभीच होते, बसायचं सुचलं नाही.

रेष आली. सरळ. पुढे गेली, सरळच गेली. एक भूत नाही! मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या टेबलावरची मुलगी, जी माझ्याशी बोलत नव्हती, ती धावत आली. तिला मी मिठी मारली आणि त्याच मिठीत माफीही मागून घेतली. सिलिंडरवाल्यालाही फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आता पुन्हा काय झालं?"

तपासणीला दोघं आले. त्यांतल्या एक बाई केस पांढरे झालेल्या, चष्मा साखळीला लावलेला, फार कमी बोलणाऱ्या. त्या माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. मी एकच नमुना पुन्हा पुन्हा टोचला. सुई सरळ, हात शांत. मला माझे हात आवडतात असं मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात म्हटलं. मग बाईंनी सगळे आलेख पडद्यावर एकावर एक ठेवायला सांगितले. मी ठेवले. पडद्यावर एकच रेष दिसत होती. बाईंना वाटलं मी बाकीचे उघडलेच नाहीत. मी त्यांना प्रत्येकाचा रंग बदलून दाखवला, तरी रेष एकच.

"इतकं जुनं यंत्र," त्या म्हणाल्या. "सेप्टम कधी बदलता?"

"खराब व्हायच्या आधी."

त्या हसल्या. "आणि नट?"

"बोटांनी लागेल तेवढाच," मी म्हणाले, आणि माझा आवाज जरा जास्तच मोठा झाला. मागे उभ्या असलेल्या मालकांनी छताकडे बघितलं. त्यांचं हसू मला दिसू नये म्हणून असावं. यंत्र परळलाच राहिलं. मीही. सर्व्हिस इंजिनियरला मी आलेखाचा फोटो पाठवला. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, आमच्या कंपनीतल्या नव्या पोरांना शिकवायला याल का?

पुढच्या खंडेनवमीला बाबांना न्यायचं की नाही यावर प्रयोगशाळेत दबकी चर्चा झाली. मला कोणी तोंडावर विचारलं नाही. मी सकाळी यंत्र पुसलं, जुनी चकती काढली आणि नवी घातलीच नाही. बाबा आले. तोच पांढरा शर्ट, पण या वेळी हात मागे घट्ट बांधलेले. यंत्रापासून चांगले दूर उभे राहिले. मालक कौतुकाने माळ घेऊन पुढे आले आणि ती नेमकी वरच्या बाजूला ठेवायला गेले, तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ शेट, थय हात लावू नकात! नाजूक जागा ती."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

मी चिमटा त्यांच्या हातात दिला. "बाबा, या वर्षी तुम्ही बसवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे. चष्मा लावला. चिमट्याने चकती उचलली, जागेवर ठेवली, नट घेतला. ती बोटं, ज्यांनी गिरणीतली यंत्रं आवळली आणि आमच्या घरातल्या सगळ्या बरण्या. नट टेकला. बोटं किंचित पुढे गेली आणि थांबली. मला ठाऊक आहे त्या हातांना तिथे थांबणं किती जड गेलं असेल. बाबांनी हात काढून घेतले आणि पुन्हा मागे बांधले.

"बघ," ते म्हणाले.

मी सगळ्यांसमोर नटाला दोन बोटं लावली. फिरला! मी तो पुन्हा होता तसा केला आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. बाबा पेढे घ्यायला गेले.

दसऱ्यानंतर यंत्र तापवलं, टोचलं, रेष सरळ आली. दुपारी घरी गेले. ताटं वाढलेली होती, झाकलेली नव्हती. मी दारातूनच सांगितलं, "बाबा, रेष सरळ!"

"माका म्हायत होता," बाबा म्हणाले. "हात धू आदी. भात निवता."

मी मोरीत गेले. सवयीने फडकं उचललं होतं. ते खुंटीला परत अडकवलं आणि एका बोटाने नळ उघडला.